शब्दचर्चा: पवनचक्की, गिरणी की रहाट?

प्रश्न: नेदरलँड्समधल्या किंडरडाइकबद्दल मराठीत लिहिते आहे. तिथल्या १९ पवनचक्क्या धान्य दळत नाहीत, पाणी उपसतात. मग त्यांना 'चक्की' म्हणावं का?

उत्तर १: ताई, डच शब्दाचीही हीच गत आहे. 'मोलेन'चं मूळ दळण्यातच. पुढे वाऱ्यावर तेल गाळलं, रंग कुटले, १५९०च्या दशकात कोर्नेलिस कोर्नेलिसझोन या डच गिरणीवाल्याने ओंडके कापायची सोय केली. पण त्या सगळ्या 'मोलेन'च राहिल्या. आपली 'गिरणी' अशीच पसरली. पिठाची, तेलाची, आणि कापडगिरणीत तर दळण्यासारखं काहीच नाही. म्हणून 'मोलेन'ला मला 'वाऱ्याची गिरणी' जवळची वाटते.

किंडरडाइकच्या मात्र रहाटाच्या सख्ख्या बहिणी. बहुतेक १७३८ ते १७४०मधल्या. पात्यांचं फिरणं दातेरी चाकांवाटे उभ्या खांबातून खाली येतं, तळाशी मोठं चाक फिरतं आणि त्याच्या फळ्या सखल शेतांतलं पाणी वरच्या कालव्यात ढकलतात. पोहऱ्यांऐवजी फळ्या, एवढाच फरक. तरी मथळ्यात 'पवनचक्की'च ठेवा. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर वीज करणारीलाही आपण तेच म्हणतो.

उत्तर २: 'पाती' लिहिताना एक जपा. पातं म्हणजे लाकडी जाळीची चौकट. गिरणीवाला शिडीसारखा तिच्यावर चढून कापड पसरतो, वारा वाढला की गुंडाळतो. डच लोक त्या कापडाला जहाजाच्या शिडाचाच शब्द वापरतात. आपणही 'शीड'च म्हणावं, कोकणातल्या वाचकाला लगेच कळेल.

जुन्या खांबावरच्या गिरणीत वाऱ्याकडे तोंड करायला अख्खं घरच फिरवावं लागे. नंतर फक्त माथा फिरू लागला. डचमध्ये त्या माथ्याला 'टोपी' म्हणतात, पण मराठीत 'टोपी फिरवली' म्हटलं की पक्षांतर आठवतं. 'माथा वळवला' लिहा.

प्रश्नकर्ती: फारच उपयोगी पडलं. आणखी एक अडलंय. डच गिरणीवाले थांबवलेल्या पात्यांनी खूण करतात: वरचं पातं शिखराच्या जरा अलीकडे ठेवलं तर घरात आनंद आहे, जरा पलीकडे गेलेलं ठेवलं तर दुःख. याला काय म्हणू?

उत्तर १: 'चढतं पातं' आणि 'उतरतं पातं'. लग्नघरी चढतं, मयत झालेल्या घरी उतरतं.