मदत हवी आहे: ब्रेकचं पेडल खाली जातंय, शुक्रवारी कुंभार्ली घाट चढायचा आहे

असगोलीकर
ब्रेकचं पेडल निम्म्याच्याही खाली जातंय. दोन-तीनदा मारलं की वर येतं आणि मग ब्रेक लागतो. गॅरेजवाल्याने पुढचे पॅड बदलले, ब्रेकच्या पाइपातली हवा काढली. थोडे दिवस बरं चाललं, आता पुन्हा तेच. शुक्रवारी आईला घेऊन कराडला जायचं आहे, डोळ्याचं ऑपरेशन आहे, तारीख बदलता येणार नाही. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो) बदलून टाकू का? ज्याला नक्की माहीत आहे त्याने कृपया लवकर सांगा.

खाडीकाठ
गाडी कोणती, कुठल्या सालची? मागे ड्रम की डिस्क? एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक आवळू न देणारी यंत्रणा) आहे का? पेडल दाबताना मऊ लागतं, की पाय दाबून धरला की हळूहळू खाली बसत जातं? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि बॉनेटखाली ब्रेक ऑइलच्या डब्यात पातळी किती आहे? एवढं कळल्याशिवाय मास्टर सिलिंडरचा खर्च करू नका.

जुनी_पद्मिनी
मागचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे, ॲडजस्ट करून घ्या. लायनर झिजून ड्रमपासून लांब गेले की पहिल्या दाबात पेडल खाली जातं, दुसऱ्या-तिसऱ्या दाबात वर येतं. लक्षण तंतोतंत तेच आहे. आमच्या घरी रत्नागिरीला प्रीमियर पद्मिनी होती, चारही चाकांना ड्रम. चाक काढलं, ड्रम हातोडीने हलका ठोकून काढला, की सगळा कारभार समोर: दोन लायनर, स्प्रिंगा, आणि लायनर ढकलणारा व्हील सिलिंडर. रबर फाटलं तर रबराचं किट आणायचं, सिलिंडर घासून पुसून पुन्हा बसवायचा. वडील हे अंगणात करायचे आणि मी दिवा धरायचो. आता सगळीकडे एकच उत्तर, अख्खा भाग बदला. गाडी कळणारी माणसं तयार होतील कुठून?

कर्द्याची_सून
गाडी वाळूत घातली होती का कधी? आमच्याकडे कर्दे, मुरुडला पर्यटक हौसेने पुळणीवर गाड्या घालतात आणि तशाच घरी नेतात. खालून गोड्या पाण्याने धुवायलाच हवी. आमचे सासरे पावसाळ्याआधी गाडीला खालून काजूच्या टरफलांचं तेल मारतात, होड्यांना लावतात तेच. पत्रा अजून शाबूत आहे. तुम्हीही मारून घ्या.

असगोलीकर
वाळूत कधीच घातली नाही. गाडी छोटी हॅचबॅक आहे, २०११ ची, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर सगळे कंपनीवरच बोलत बसतील. पावसाळाभर घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, समुद्र हाकेच्या अंतरावर. पत्र्याचं नंतर बघू. मला ब्रेकचं सांगा, शुक्रवार जवळ आला आहे.

खाडीकाठ
हेच आधी हवं होतं. डब्यातली पातळी मात्र अजून सांगितली नाहीत.

कर्द्याच्या ताई, पत्र्याला तेल मारा, पण ब्रेकच्या आसपास नको. लायनरवर किंवा डिस्कवर तेल गेलं तर ब्रेक लागतच नाही, आणि तेल मुरलेला लायनर टाकूनच द्यावा लागतो. शिवाय ब्रेकमधली रबरं फक्त ब्रेक ऑइलला टिकतात. इंजिन ऑइल, डिझेल, ग्रीस लागलं की ती फुगतात आणि सैल पडतात.

घाटचालक
मी कुंभार्ली, आंबा, फोंडा सगळे घाट वर्षानुवर्षं चालवतोय. घाबरू नका. चढताना ब्रेकचं काम नाही. येताना कोयनानगर सोडलं की दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, इंजिनच गाडी धरतं. पोफळीपर्यंत ब्रेकला पाय क्वचित लागतो.

वेंगुर्लेकार
ह्या काय सांगतंस? दुसऱ्या गिअरात उतरूचा ह्या बरोबर, पण ब्रेक धड आसलेल्या गाडीन. वळणार समोरसून ट्रक इलो तर ब्रेक पंप करूक येळ गावना नाय. बापू, तू आवशीक घेवन जातस. भाड्याची गाडी कर, ही घराकडे ऱ्हवांदे.

घाटचालक
मी फक्त उतरायची पद्धत सांगितली. घाटात दर वळणाला ब्रेक दाबत उतरणारे लोक चाकातून धूर काढतात, ते रोज बघतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. आपल्याकडच्या दमट हवेत तर फारच. डॉट ३ ग्रेडच्या ऑइलचा उकळबिंदू नवा असताना किमान २०५ अंश, पाणी शिरल्यावर १४० पर्यंत येतो. डॉट ४ चा २३० वरून १५५. घाटात ब्रेक तापले, ते पाणी उकळलं, पाइपात वाफ झाली, की पेडल सरळ खाली. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलायचंच, किलोमीटर कितीही असोत.

जुनी_पद्मिनी
हे सगळं नव्या गाड्यांचं. आम्ही पद्मिनी घेऊन कितीदा घाट उतरलो, कधी ब्रेकने दगा दिला नाही. १९६४ ला फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, १९७४ ला नाव पद्मिनी झालं, आणि शेवटपर्यंत साध्या माणसाला उघडता येईल अशीच राहिली. एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. खाऱ्या वाऱ्याने सेन्सरच्या वायरचं तोंड हिरवं पडलं की दिवा लागतो, आणि गावातला मिस्त्री हात वर करतो.

खाडीकाठ
काका, उघडायला सोपी होती हे शंभर टक्के मान्य. पण जुन्या गाड्यांना ब्रेकचं एकच सर्किट असायचं. एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी. आता मास्टर सिलिंडरचे दोन भाग असतात. बहुतेक छोट्या गाड्यांत एका भागावर पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक, दुसऱ्यावर उरलेली दोन. एक बाजू गळाली तरी दोन चाकं धरतात. असगोलीकरांची गाडी तीन दाबांत का होईना थांबते आहे, त्याचं श्रेय कदाचित याच रचनेला आहे. एबीएस बिघडलं तरी साधा ब्रेक राहतो. ओल्या रस्त्यावर चाक आवळून गाडी घसरण्यापेक्षा मला तो दिवा परवडतो.

जुनी_पद्मिनी
दोन सर्किटांचं खरं आहे, त्याला माझा विरोध नाही. माझं दुःख वेगळं आहे. गाडीखाली शिरून पाइप हाताने चाचपणारा माणूस राहिला नाही. पॅड बदलले, हवा काढली, बिल दिलं. हवा आत शिरली कुठून, हे त्या गॅरेजमध्ये कोणी विचारलं का?

असगोलीकर
आत्ता बघितलं, ऑइल मिनिमम रेषेच्या खाली आहे. गॅरेजमध्ये पूर्ण भरलं होतं. इंजिन बंद करून पाय दाबून धरला तर पेडल हळूहळू बसत जातं. चारही चाकांना आतून बघितलं, कोरडी आहेत. जमिनीवर डाग नाही, पण शेडमध्ये मातीच आहे, दिसणार तरी काय? वरून ऑइल भरून जाऊ का?

खाडीकाठ
नुसतं भरून मुळीच जाऊ नका. नवे पॅड टाकल्यावर पातळी उतरायचं कारण नाही, पॅड झिजतात तेव्हा ती हळूहळू उतरते. एवढ्या थोड्या दिवसांत उतरली म्हणजे ऑइल बाहेर जातंय. मागच्या ड्रमच्या आत गळत असेल तर बाहेरून टायर कोरडाच दिसतो, म्हणून ड्रम काढून व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघायला सांगा. मास्टर सिलिंडरचं मागचं रबर गेलं तर ऑइल बूस्टरमध्ये (पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्यात) जातं, तेही दिसत नाही. तिथला सांधा बोटाने पुसून बघा.

पण माझा पहिला संशय लोखंडी पाइपावर. पुढून मागे जाणारा पाइप टाकीच्या बाजूने जातो आणि प्लास्टिकच्या क्लिपांनी पकडलेला असतो. क्लिपेत माती आणि मीठ अडकतं. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे उन्हातही तो भाग पूर्ण वाळत नाही, आणि गंज तिथेच खोल जातो. समुद्राकाठी गाडी नुसती उभी राहिली तरी हे होतं. उलट चालती गाडी वाळते तरी. शेडमध्ये पाऊस लागत नाही तसं मीठही धुऊन जात नाही.

गाडी समतल जागी घ्या, खाली पुठ्ठे पसरा, इंजिन चालू ठेवून कोणालातरी पेडल दाबून धरायला सांगा. तुम्ही बाजूने टॉर्च मारून बघा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका.

कर्द्याची_सून
शेडमध्ये हँडब्रेक ओढून ठेवता का? आमचे मागचे लायनर ड्रमला असेच चिकटले होते. पावसाळ्यात गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला पुढून-मागून दगड लावायचे.

असगोलीकर
सापडलं. मागच्या उजव्या चाकाच्या पुढे, टाकीच्या कडेला, दुसऱ्या क्लिपेखाली. वरून बघितलं तर पाइप चांगला काळा दिसतो. क्लिप काढली तर आत फुगलेला, नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला आणि खाली ओलं. पेडल दाबलं की तिथे बारीक थेंब येतो, सोडलं की थांबतो. पुठ्ठ्यावर अंगठ्याएवढा डाग पडला. मिस्त्री म्हणतो तेवढाच तुकडा कापून मध्ये जोड देतो, तासाभराचं काम. देऊ का?

खाडीकाठ
नको. एक ठिकाण फुटलं म्हणजे बाकीच्या क्लिपांखालीही तीच अवस्था असणार. आणि कापलेल्या टोकाला ब्रेकसाठीची दुहेरी कड पाडायचं हत्यार नसेल तर जोड दाबाखाली सुटतो. पुढून मागेपर्यंत पूर्ण पाइप नवा घाला, दोन्ही बाजूंचे. तांबं-निकेल मिश्रधातूचा मिळाला तर उत्तम, तो असा गंजत नाही. निव्वळ तांब्याचा नको, कंपनाने कडक होऊन चिरतो. नट गंजलेले असतील, साध्या पान्याने कडा गोल होतात, पाइपाच्या नटाचा खास पाना वापरायला सांगा. रबरी होजही फुगले-चिरलेले असतील तर याच खेपेला बदला.

घाटचालक
आणि हे शुक्रवारपर्यंत घाईघाईत उरकू नका. पाइप वळवून बसवणं, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढणं, मग गावात चालवून पुन्हा गळती बघणं, हे सगळं झाल्यावरच घाट. वेंगुर्लेकरांचं बरोबर आहे, भाड्याने जा.

असगोलीकर
शेजारच्यांची गाडी ठरवली, ते स्वतः चालवणार आहेत. आईला सांगितलं, ती निवांत झाली. माझी चिपळूणला टोइंगने पाठवतोय, तिथे एकाकडे पाइपाचं हत्यार आहे, काकांच्या वयाचे मिस्त्री आहेत. एकच राहिलं: घरात डॉट ४ ची अर्धी बाटली आहे, गेल्या वर्षी उघडलेली. तीच देऊ का मिस्त्रीला?

खाडीकाठ
नाही. उघडलेल्या बाटलीने वर्षभर असगोलीची हवा प्यायली आहे. सीलबंद नवी न्या. आणि जुनी टाकताना गाडीच्या रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलून काढतं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.