आयोवातले छपराचे पूल आणि नॅशनल रजिस्टर

भटकंती: डे मॉइनहून विंटरसेटला जातोय, मॅडिसन काउंटीतले छपराचे लाकडी पूल बघायला. त्यातला सीडर पूल नॅशनल रजिस्टरवर (अमेरिकेतल्या ऐतिहासिक वास्तूंच्या सरकारी यादीत) का नाही? आणि रजिस्टरवर असलं की कुणाला पाडता येत नाही ना?

मिडवेस्टकर: अहो पूर्वी १९ होते, आता ६ उरलेत. १९७६ ला यादीत गेले पण सीडर २००२ मध्ये कुणीतरी पेटवला, नवा बांधला तर २०१७ ला परत पेटवला, फार जीव तुटला तेव्हा. २०१९ ला पुन्हा उभा राहिलाय, पण मूळ बांधकामच गेलं म्हणून यादीबाहेर. बाकी पाच आहेत यादीत, रोझमन (१८८३) चुकवू नका.

जुनीवास्तू: पाडता येत नाही हा मोठा गैरसमज आहे. १९६६ च्या कायद्याने यादी झाली, पण खाजगी मालक स्वतःच्या पैशाने पाडत असेल तर नुसती यादी त्याला अडवत नाही. केंद्राचा पैसा किंवा परवाना असेल तरच आधी आढावा घ्यावा लागतो. खरं संरक्षण स्थानिक नियमांतून येतं, म्हणून छोट्या काउंटीत लोकांनी जागं राहणं फार गरजेचं आहे.

भटकंती: धन्यवाद दोघांना! छप्पर कशासाठी पण?

मिडवेस्टकर: खालची जाड लाकडं महाग, ती भिजून कुजू नयेत म्हणून. वरच्या फळ्या बदलणं स्वस्त पडायचं.