विषय: लग्नाची सजावट घरीच करायची आहे, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

मुलीचं लग्न ठरलं. सजावटीचं कंत्राट देणं आम्हाला झेपणारं नाही, आणि घरात सगळ्यांना स्वतःच्या हाताने काही करायची हौसही आहे. हॉल मोठा, भिंती कोऱ्या, छत उंच. कागदी फुलं, पताका, झालरी, दिव्यांच्या माळा, रंगवलेल्या बरण्या... यादी रोज वाढते आहे. काम करणारे आम्ही घरचेच चार-पाच जण. ज्यांनी हे केलं आहे त्यांनी कृपया सांगावं.

— वधूचे बाबा

*

उत्तर: लग्नाची सजावट घरीच करायची आहे

दादा, मनापासून अभिनंदन!

पहिलं काम म्हणजे यादी कापा. अख्खा हॉल सजवायला गेलात तर पैसेही जातील आणि हॉल तरी रिकामाच वाटेल. पाहुण्यांची नजर तीनच ठिकाणी थांबते: प्रवेशद्वार, वधूवरांच्या मागचा पडदा आणि जेवणाची टेबलं. तिथे भरगच्च करा, बाकीच्या भिंती तशाच राहू द्या. फोटोतही हेच येतं.

मागच्या पडद्याला कापडासारखं स्वस्त काही नाही. फक्त कापड ताणून लावू नका. पडदा दहा फूट रुंद हवा असेल तर निदान वीस फूट रुंदीचं कापड घ्या, म्हणजे चुण्या पडतात आणि साधं कापडही भारी दिसतं. आदल्या दिवशी इस्त्री करून घडी न घालता गुंडाळून न्या, घडीची रेघ फोटोत लगेच उठून दिसते. कमान किंवा चौकट उभी करणार असाल तर तिच्या पायांशी वाळूच्या पिशव्या ठेवा. लहान मुलं पडदा ओढतातच.

कागदी फुलांना क्रेप कागद घ्या. तो एकाच दिशेने ताणला जातो, म्हणून पाकळी कापताना सुरकुत्या देठापासून टोकाकडे उभ्या यायला हव्यात. मग पाकळीचा मध्य दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणला की ती वाटीसारखी खोलगट होते. आडवी कापलेली पाकळी काही केल्या फुलत नाही. मोठे गोंडे हवे असतील तर पतंगी कागदाचे आठ-दहा ताव एकावर एक ठेवून पंख्यासारख्या घड्या घाला, मधोमध तार बांधा, दोन्ही टोकं गोल कापा आणि एकेक थर सावकाश उचला. गोंडे सपाट अवस्थेतच हॉलवर न्या आणि तिथे उघडा, नाहीतर वाटेत चुरगळतील. रंगीत कागद उन्हात फिका पडतो, तेव्हा आधी करून ठेवलेली फुलं बंद खोक्यातच राहू द्या.

आणि रंग दोनच. फार तर एकाच रंगाच्या तीन छटा. एकच फूल शंभर वेळा केलेलं पाहताना जे वाटतं, ते दहा प्रकारची दहा-दहा फुलं पाहून वाटत नाही. करणाऱ्यांचा हातही पटकन बसतो.

— सजावट गटातली एक ताई

*

उत्तर: लग्नाची सजावट घरीच करायची आहे

ताईंचं सगळं पटलं, पण टेबलांवर खरी फुलं हवीतच असं माझं ठाम मत आहे. पाहुणे तिथे हातभर अंतरावर बसतात, कागद लगेच ओळखू येतो. खरी फुलं म्हणजे महागडीच असंही नाही. शेवंती आणि कार्नेशन घ्या, दोन्ही बरेच दिवस टिकतात. हायड्रेंजिया दिसायला सुंदर, पण पाणी कमी पडलं की लगेच मान टाकतो.

आणल्यावर देठ तिरके कापा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका आणि रात्रभर थंड, अंधाऱ्या जागी खोल पाण्यात ठेवा. फ्रिजमध्ये ठेवायची वेळ आली तर त्यात पिकलेली फळं नकोत. फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर सुकतात. लिलीचे परागकोश उमलताच काढा, त्या परागाचे डाग कपड्यावरून जाता जात नाहीत. फुलं रोवायला हिरवा फोम विकत आणू नका. तो प्लास्टिकचाच असतो, मातीत मिसळून जात नाही. बरणीच्या तोंडावर पारदर्शक टेपची जाळी केली की देठ हवे तसे उभे राहतात.

रचना एक फुटापेक्षा उंच नको. समोरच्याचा चेहरा दिसला नाही तर गप्पा कशा होणार?

— एक काकू

*

उत्तर: लग्नाची सजावट घरीच करायची आहे

काकू, ताई, खूप आभार. पडदा आणि प्रवेशद्वार कागदाकापडाचं, टेबलांवर खरी फुलं, असं ठरवतो. दिव्यांच्या माळा पडद्यामागे सोडल्या तर चालतील का? आणि टेबलांवर मेणबत्त्या?

— वधूचे बाबा

*

उत्तर: लग्नाची सजावट घरीच करायची आहे

दादा, माळा एलईडीच्याच घ्या. जुन्या बल्बच्या माळा तापतात, त्या कापडाजवळ नकोत. सगळ्या माळा एकाच छटेच्या हव्यात. खोक्यावर २७०० केल्विन लिहिलेला पिवळसर उजेड चेहऱ्यांवर छान पडतो, त्यात एखादी निळसर पांढरी माळ मिसळली की ती विजोड दिसते. मेणबत्त्या बॅटरीवरच्या आणा. एवढा कागद आणि कापड असताना उघडी ज्योत नकोच, आणि बऱ्याच हॉलमध्ये ती चालतही नाही.

काहीही विकत घेण्याआधी हॉलवाल्यांना चार गोष्टी विचारा: भिंतीला टेप किंवा खिळा चालतो का, छताला काही टांगता येतं का, कापड अग्निरोधकच लागतं का, आणि आत कधी सोडतात. बाहेर पडायच्या दारांवरचे फलक आणि छतातले पाण्याचे फवारे कशानेही झाकू नका.

उतरवायची माणसंही आत्ताच ठरवा. लावायला सगळे हौसेने येतात, पण रात्री घरचे दमलेले असतात आणि हॉल तेव्हाच रिकामा करून द्यायचा असतो. आम्ही तिघे जण थांबू. कापड आणि माळा नीट गुंडाळून मंडळाच्या सामानात ठेवू, पुढच्या लग्नघराला उपयोगी पडतील. शिडी माझ्याकडे आहे, सकाळी घेऊन येतो.

— एक काका