आयर्न बटरफ्लायचा ‘इन-अ-गड्डा-द-व्हिडा’ : एक बाजू कच्ची, तरी हार्ड रॉकच्या मुळाशी?

पायपेटी
मी नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ करतो, त्यामुळे कुठल्याही रेकॉर्डवर ऑर्गन वाजला की कान आधी तिकडेच जातो. या अल्बमकडे मी असाच ओढला गेलो. आयर्न बटरफ्लाय हा मूळचा सान डिएगोचा, पुढे लॉस एंजेलिसला गेलेला सायकेडेलिक (भ्रमिष्ट, स्वप्नवत आवाजाच्या रॉकचा) बँड. अल्बम आला जून १९६८ मध्ये. पहिल्या बाजूला पाच गाणी आणि दुसऱ्या बाजूला एकच, अल्बमच्याच नावाचं, १७ मिनिटं ५ सेकंदांचं.

पहिली बाजू मला मनापासून आवडत नाही. ‘फ्लॉवर्स अँड बीड्स’ हे त्या काळच्या कॅलिफोर्नियात ढिगानं होणारं गोड प्रेमगीत. ‘मोस्ट एनिथिंग यू वाँट’ चांगलं उठतं आणि तिथेच घोटाळत राहतं. मग तबकडी उलटली की हा तोच बँड आहे यावर विश्वास बसत नाही.

याच अल्बमला हार्ड रॉकचा, म्हणजे जड, दणदणीत गिटारच्या रॉकचा, एक पूर्वज मानतात. मला ते पटतं, पण लोक त्याचं कारण म्हणून गाण्याची लांबी आणि ड्रम सोलो (ड्रमरचं एकट्याचं वादन) सांगतात, ते पटत नाही. गिटार-बेस वाजवणाऱ्यांनो, तुम्हाला काय वाटतं?

खर्जातला
मी बेस वाजवतो. माझ्या मते मान ब्लू चीअर या बँडला द्यायला हवा. त्यांचा ‘व्हिन्सेबस इरप्टम’ हा अल्बम जानेवारी १९६८ चा, म्हणजे पाच महिने आधीचा. तिघंच जण, पण आवाज असा की स्पीकर फाटेल. त्यातलं ‘समरटाइम ब्लूज’ अमेरिकेच्या विक्री-यादीत १४ व्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. बटरफ्लायचा दणका त्यापुढे सौम्यच आहे. आणि वीस मिनिटांचे जॅम (आयत्या वेळी सुचेल तसं एकत्र वाजवणं) तेव्हा सान फ्रान्सिस्कोत रोज होत होते.

पायपेटी
दणक्याबाबत तुमचं म्हणणं मान्य. पण जॅममध्ये वादक भटकत जातो, इथे कुणी भटकत नाही. डी मायनरमधला दोन मापांचा एक रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी स्वरओळ, आहे. ऑर्गन, बेस आणि फझ (आवाज खरखरीत करणारं उपकरण) लावलेली गिटार तिघंही तोच वाजवतात आणि प्रत्येक सोलोनंतर त्याच्यावरच परत येतात, बंदिशीच्या मुखड्यावर यावं तसे. सगळ्या बँडनं एकच वजनदार ओळ एकदम उचलायची, ही पुढे हार्ड रॉकची मुख्य रीत झाली.

ऑर्गनचं ऐका. बँडचा ऑर्गनवादक डग इंगल याचा व्हॉक्स कॉन्टिनेंटल हा ऑर्गन ट्रान्झिस्टरचा आहे, हॅमंड ऑर्गनसारखा भरीव नाही. एकटा ऐकलात तर आवाज पातळ, टोकदार. त्याला भार येतो तो खालून ली डॉर्मनचा बेस तेच स्वर धरतो म्हणून. इंगलचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, आणि सोलोमध्ये ‘गॉड रेस्ट ये मेरी, जेंटलमेन’ या जुन्या नाताळगीताची चाल स्पष्ट येते. चर्चमधलं गांभीर्य आणि फझची खरखर एका जागी आली की जो काळोख तयार होतो, तो मला ब्लू चीअरमध्ये सापडत नाही. ब्लूज मात्र त्यांच्याकडे भरपूर आहे.

तबकडीवेडा
पायपेटी, पहिल्या बाजूवर अन्याय करू नका! ‘टर्मिनेशन’ पुन्हा ऐका. ते इंगलचं नाही, गिटारवादक एरिक ब्रॅन आणि डॉर्मनचं आहे. ब्रॅन तेव्हा १७ वर्षांचा होता.

बाजू विषम का, याचं उत्तर बँडच्या परिस्थितीत आहे. आधीचा अल्बम ‘हेवी’ रेकॉर्ड झाल्यावर इंगल आणि ड्रमर रॉन बुशी सोडून सगळे निघून गेले. ब्रॅन आणि डॉर्मन नवे होते. मोठं गाणं लाँग आयलंडच्या हेम्पस्टेडमध्ये अल्ट्रासॉनिक स्टुडिओत झालं. निर्माते शॅडो मॉर्टन यायचे होते, तोवर आवाज तपासायला म्हणून बँडनं ते वाजवलं आणि इंजिनियर डॉन कासाले यांनी टेप चालू ठेवली. तेच ध्वनिमुद्रण अल्बमवर आहे. ड्रम सोलोही कमी लेखू नका: बुशीनं टॉमची (ड्रमसेटमधल्या ढोलांची) खालची कातडी काढली होती, म्हणून तो आवाज असा कोरडा, गुंज नसलेला.

खर्जातला
रिफवर परत येण्याचा मुद्दा पटला, बेस हातात घेऊन वाजवून पाहिलं. प्रभावाचा एक सरळ धागा माझ्याकडून: डॉर्मन पुढे कॅप्टन बियाँड या बँडमध्ये गेला आणि तिथला गायक होता रॉड इव्हान्स, म्हणजे डीप पर्पल या इंग्लिश हार्ड रॉक बँडचा पहिला गायक. १९७२ चा त्यांचा पहिला अल्बम ऐका, त्यात बटरफ्लायचा बेस अधिक चपळ झालेला दिसेल. आणि १९८७ मध्ये स्लेअर या मेटल बँडनं हाच रिफ घेऊन गाणं तीनेक मिनिटांत उरकलं, तरी ते ओळखू येतं. म्हणजे लांबी खरंच गौण आहे.

पायपेटी
याच गाण्याचं सिंगलसुद्धा (वेगळी छोटी तबकडी) २ मिनिटं ५२ सेकंदांचं होतं आणि अमेरिकेत ३० व्या क्रमांकावर पोचलं. पूर्ण गाणं लोकांपर्यंत नेलं ते एफएम केंद्रांनी, आणि अल्बम चौथ्या क्रमांकावर गेला.

‘टर्मिनेशन’ आत्ता ऐकलं. गिटारचं काम खरंच जोरकस आहे, ‘फ्लॉवर्स अँड बीड्स’च्या पंगतीत बसवायला नको. बाकी चार गाण्यांबद्दल माझं मत तेच आहे. आता १९७० चा लाइव्ह अल्बम काढतो. त्यात हे गाणं आणखी लांब आहे आणि इंगलचा ऑर्गन स्टेजवर किती भरीव वाटतो ते मला ऐकायचंय.