चर्चा: व्यसनमुक्तीसाठी वाडीतला प्रार्थनागट पुरेसा आहे का?

वेंगुर्लेकर: आमच्या चर्चमधले काही जण गुरुवारी रात्री एकाच्या घरी बसतात. थोडं शास्त्रवाचन, मग ज्याला बोलायचंय तो बोलतो: परवा घेतली, बायकोशी भांडलो, आज पुन्हा ओढ लागलीय. असे गट चर्चने वाडीवाडीत सुरू करावेत, असं मला मनापासून वाटतं. जून-जुलैची मासेमारीबंदी उठली की खलाशी होडीवर जाणार, तो व्यसनमुक्ती केंद्रात महिनोन् महिने कसा राहील? आणि केंद्रातून परतलेल्याची वाट त्याच बारवरून जाते. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, एकमेकांजवळ पापं कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा, असं सांगितलंय. अमेरिकेत सॅडलबॅक चर्चमध्ये १९९१ साली ‘सेलिब्रेट रिकव्हरी’ हे व्यसनमुक्तीचं काम सुरू झालं, त्याची आठ तत्त्वं येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातूनच घेतलेली आहेत.

परिचारिका, मालवण: रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला गुरुवारपर्यंत थांबवणार? ‘विश्वास ठेव, गोळ्या कशाला’ असं गटात कुणी म्हणालं, तर त्याला तिथेच गप्प करा. आधी डॉक्टर.

वेंगुर्लेकर: डॉक्टरांना कोण नको म्हणतंय? दारू सोडतानाच्या त्रासावरची औषधं काही दिवसांत संपतात. मी त्यानंतरच्या वर्षांबद्दल बोलतोय.

तांडेल: माका ह्या पटणा नाय. आमच्या वाडयेत कोणाकडे काय शिजला ता सांजेपर्यंत सगळ्यांका कळता. प्रायश्चित्ताच्या संस्कारात, म्हणजे पापं कबूल करताना, ऐकलेलं फादर मरेपर्यंत बाहेर काढू शकत नाहीत. गटातल्या माणसांवर असं कसलं बंधन आहे? उद्या पोरीचं लग्न ठरवताना तेच शब्द पुढे येतील. त्यापेक्षा लांबच्या गावातली एएची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांची संघटना) मीटिंग बरी, तिथे आडनावही सांगावं लागत नाही.

कुडाळकरीण: तांडेलदादा, आमच्या घरचा माणूस पितो हे अख्ख्या गावाला आधीच ठाऊक होतं. लपवायला उरलं होतं काय? पगाराच्या दिवशी गटातले दोघे नाक्यावर त्याची वाट बघत उभे राहायचे, त्याला घरापर्यंत सोडायचे. लांबच्या मीटिंगमधलं कोण येणार होतं नाक्यावर? मी हिंदू आहे. तिथे मला कुणी धर्म बदल म्हणालं नाही, पण म्हणाले असते तर मी त्याला परत पाठवला नसता, हेही लिहून ठेवते.

तांडेल: ताई, नाक्यावर उभं राहणारी माणसं तुम्हाला मिळाली, ती सगळीकडे मिळत नाहीत. म्हणून नियम हवेत. ऐकलेलं बाहेर बोलला तो गटातून बाहेर, मग तो फादरचा भाऊ का असेना.

वेंगुर्लेकर: हे मान्य. आणि बायकांचा गट वेगळा बसवा, नवऱ्यासमोर कोण खरं बोलेल?

परिचारिका, मालवण: माझी अटही त्यात घाला. नवीन माणूस आला की पहिला प्रश्न: शेवटची कधी घेतली, आणि हात थरथरतायत का?