लग्नाच्या डीव्हीडीत माणसं बुटकी, एमकेव्ही फाइलीत उभट. दोष कुणाचा?

इंदिरानगरकर
१०८०पी प्रोजेक्टर, १०० इंची १६:९ पडदा (२२१ × १२४.५ सेंमी), एव्ही रिसीव्हर (चित्र-आवाज पुढे पाठवणारा). त्याला डीव्हीडी प्लेअर आणि कोडीचा (फाइली चालवणाऱ्या ॲपचा) बॉक्स, दोन्ही एचडीएमआयने. लग्नाची ४:३ पाल (आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीची) डीव्हीडी लावली की वरातीतल्या नाशिक ढोलाचं तोंड आडवं लंबगोल. त्याच डीव्हीडीवरून काढलेली एमकेव्ही फाइल कोडीवर लावली तर उलट, चेहरे किंचित उभट. ओटीटी व्यवस्थित. एमजी रोडच्या दुकानात विचारलं तर म्हणे केबल बदला. बदलू?

गोदाकाठ_एव्ही
केबल राहू द्या. ती बिघडली तर ठिपके चमकतात, चित्र जातं. माणूस बुटका होत नाही.
टेप घ्या. आधी प्रोजेक्टरचा स्वतःचा टेस्ट पॅटर्न मोजा, म्हणजे कीस्टोनची (तिरक्या प्रोजेक्टरमुळे चित्र वाकडं होण्याची) शंका मिटेल. मग समोरून टिपलेली गोल वस्तू शोधा. ढोल नको, तो तिरका असतो. कार्यालयातलं भिंतीवरचं घड्याळ बरं. रुंदीला उंचीने भागा आणि आकडा सांगा. चित्र बरोबर असेल तर १ येईल.

इंदिरानगरकर
पॅटर्न बरोबर आहे. घड्याळ डीव्हीडीवर ३१.८ × २४, कोडीवर २२.६ × २४ सेंमी.

गोदाकाठ_एव्ही
म्हणजे १.३३ आणि ०.९४. दोन वेगळे दोष आहेत.

१.३३ : ४:३ चित्र ताणून १६:९ केलंय. प्लेअर बहुधा १०८०पी देतोय. एचडीएमआयवर १०८०पीला ‘हे चित्र ४:३ आहे’ असं सांगणारा संकेतच नाही, त्यामुळे बाजूच्या काळ्या पट्ट्या प्लेअरनेच घालायला हव्यात. स्वस्तातले कित्येक घालत नाहीत. ५७६पीला (डीव्हीडीच्या मूळ ५७६ ओळींना) मात्र ४:३ आणि १६:९ असे दोन्ही संकेत आहेत. म्हणून प्लेअरचं आउटपुट ५७६पी, टीव्ही टाइप १६:९, रिसीव्हरचं अपस्केलिंग (चित्र मोठं करणं) बंद, प्रोजेक्टरचा आस्पेक्ट (रुंदी-उंचीचं प्रमाण) ऑटो. चित्र १६६ सेंमी रुंद आणि दोन्हीकडे साडेसत्तावीस सेंमी काळं दिसलं की जमलं. ऑटो फसला तर हातानेच ४:३ ठेवा.

०.९४ : पाल डीव्हीडीचं चित्र ७२० × ५७६ पिक्सेलांचं, पण ४:३ मध्ये प्रत्येक पिक्सेल थोडा आडवा (१६:१५) दाखवायचा असतो. इथे ते चौरस धरले गेले, म्हणून ४:३ ऐवजी ५:४ झालं. फाइल पुन्हा एन्कोड करू नका, दर्जा उगाच जाईल. एमकेव्हीटूलनिक्स या ॲपच्या हेडर एडिटरमध्ये डिस्प्ले विड्थ ७६८, हाइट ५७६ भरा. १६:९ डीव्हीडीची फाइल असती तर १०२४ × ५७६.

सिडको_पिक्सेल
फाइलला हात लावण्याआधी कोडीत एखादी १०८०पी फाइल लावून बघा. तीही उभट दिसली तर फाइल निर्दोष आहे. कोडीच्या व्हिडिओ कॅलिब्रेशनमधला पिक्सेल रेशो कुणीतरी हलवलाय. तो १.०० करा, व्ह्यू मोड नॉर्मल.
आणि काटेकोर बोलायचं तर ७६८ पुरेसं नाही. पालमध्ये खरं ४:३ चित्र साधारण ७०४ पिक्सेलांत मावतं, उरलेले ८-८ कडेचे. म्हणजे पिक्सेल १६:१५ नव्हे, १२:११, विड्थ ७८५.

गोदाकाठ_एव्ही
फरक दोन टक्क्यांचा. लग्नाच्या व्हिडिओत तो कोण मोजणार! ७६८च ठेवा.