मदत हवी आहे: स्मरणिकेतल्या मुलाखती आणि ठरावांत तीन टिंबं कुठे द्यायची?

वऱ्हाडीवाचक:
रिसोड तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची स्मरणिका निघतेय. जुन्या माणसांच्या वऱ्हाडी मुलाखती आणि ग्रामसभेचे ठराव छापायचे आहेत. पानं कमी, त्यामुळे काटछाट आलीच. गाळलेल्या जागी कुठे दोन टिंबं पडलीत, कुठे पाच. नेमकं कसं करायचं? मजकूर युनिकोडमध्ये आहे, छपाईवाल्याकडे मात्र जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट आहे.

मुद्रितशोधक:
टिंबं तीनच. पण मुलाखतीत बोलणारा थांबला ती जागा वेगळी आणि तुम्ही गाळलं ती वेगळी. दोन्हीकडे नुसती टिंबं दिली तर वाचकाला फरक कळणार नाही. थांबला तिथे साधी टिंबं, गाळलं तिथे चौकटी कंसातली:

“तवा नाल्याले पानी राहे... मंग लोकायनं इहिरी खंदल्या. [...] आता उनायात टँकर येते.”

वाक्य पूर्ण झाल्यावर गाळलं असेल तर वरच्यासारखा पूर्णविराम आधी, कंस नंतर. उताऱ्याच्या सुरुवातीला टिंबं नकोत. शेवटीही नकोत, वाक्य अर्धं सोडलं असेल तरच द्या. ओवी-अभंगाचं अख्खं चरण गाळलं तर तेवढ्या लांबीची टिंबांची ओळ द्यायची. ही पद्धत पहिल्याच पानावर एका ओळीत सांगून टाका.

पाणंदवाट:
भाऊ, ठरावांना फार जपा. समजा मूळ असं आहे: “पाणंद रस्त्यावरील अतिक्रमण, मोजणी करून व संबंधितांना नोटीस देऊन, काढण्यात यावे.” तुम्ही छापलं, “पाणंद रस्त्यावरील अतिक्रमण [...] काढण्यात यावे.” चिन्ह बरोबर, ठराव मात्र बदलला, कारण अटच गेली. उद्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात कोणी हेच पान पुढे करेल. ‘नाही’, ‘वगळून’, ‘पर्यंत’, ‘झाल्यास’ असे शब्द असलेला भाग गाळूच नका. जागाच नसेल तर अवतरणचिन्हं काढून आपल्या शब्दांत सारांश द्या, अटीसकट.

आणि गाळल्यावर क्रियापद तपासा. “एक विहीर व दोन बंधारे बांधण्यात आले” यातले बंधारे काढले, की “एक विहीर [...] बांधण्यात [आली]” असं लिहावं लागतं. आपण बदललेला शब्दही कंसातच.

वऱ्हाडीवाचक:
हे फार कामाचं आहे, दादा. आणि फॉन्टचं?

अक्षरजुळणी:
वर्डमध्ये इंग्रजी अंकांत २०२६ टाइप करून लगेच ऑल्ट + एक्स दाबलं की तीन टिंबांचं एकच अक्षर येतं. तुमच्या कामात ते टाळा. जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी भलतंच अक्षर उमटू शकतं. फाइंड-रिप्लेसनं सगळीकडे तीन सुटे पूर्णविराम करून घ्या. टिंबांमध्ये स्पेस नको, नाहीतर ओळ संपताना एक टिंब वर राहून दोन खाली जातात. चौकटी कंसांच्या जागीही जुन्या फॉन्टमध्ये कधी कधी अक्षरं असतात, म्हणून आधी एकच पान पाठवून त्याचं छापील प्रूफ मागवा आणि प्रत्येक [...] मूळ मजकुराशी ताडून पाहा.